पायांना गरम-गार कळेनासे झाले आहे : ही मधुमेहाची सुरुवात असू शकते का?

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांबद्दल विचारायचे आहे. त्यांना आम्ही आबा म्हणतो, वय ५८. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे आणि आबांचा दिवस तिथेच, बहुतेक वेळ अनवाणी, जातो. गेल्या हिवाळ्यात आईच्या लक्षात आले की, आंघोळीच्या वेळी बंबातले पाणी पायांवर घेताना आबा विसण मागतच नाहीत. आई त्या पाण्यात बोट घालते तेव्हा तिला चटका बसतो आणि आबा मात्र तेच पाणी पायांवर शांतपणे ओतत असतात. थंडीत पहाटे फरशीवर चालतानाही त्यांना गारवा जाणवत नसे.

आता फाल्गुनातच ऊन तापू लागले आहे. परवा दुपारी पंपघराजवळच्या लोखंडी पत्र्यावर ते काही वेळ उभे होते आणि संध्याकाळी पाय धुताना उजव्या तळव्यावर मोठा फोड दिसला. तो कधी आला हे त्यांना सांगता आले नाही आणि तो दुखतही नाही. घरी मी त्यांना डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा पायांवर फिरवला. तो स्पर्श त्यांना कळतो. गरम आणि गार यांतला फरक मात्र दोन्ही पायांच्या बोटांपासून जवळजवळ घोट्यापर्यंत नीट कळत नाही. मुंग्या येत नाहीत, आग होत नाही, तहान किंवा लघवी वाढलेली नाही, वजनही उतरलेले नाही. आबा माळकरी आहेत, त्यामुळे मांसाहार आणि दारू नाही. तंबाखू मात्र आहे. माझ्या आजीला, म्हणजे आबांच्या आईला, मधुमेह होता.

हे मधुमेहामुळे असेल का, आणि तपासणीची सुरुवात कुठून करावी? आणखी एक चिंता अशी की, दरवर्षी चैत्रात गावातल्या दिंडीबरोबर आबा वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला पायी जातात आणि या वर्षीही त्यांची तयारी सुरू झाली आहे.

गिरणाकाठ

भाऊ, मी फिजिशियन आहे. आबांना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही, पण तुम्ही निरीक्षण इतके नेमके लिहिले आहे की काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात.

सर्वांत आधी तो फोड. रक्तातली साखर पुढच्या आठवड्यात तपासली तरी चालेल, पण फोड आजच डॉक्टरांना दाखवा. तो घरी फोडू नका, त्यावर हळद, चुना किंवा टूथपेस्ट लावू नका, स्वच्छ कोरड्या ड्रेसिंगने झाका आणि त्या पायावर शक्य तितका कमी भार येऊ द्या. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा झाले होते तेही विचारून ठेवा. ज्याला वेदना होते तो माणूस आपोआप लंगडतो आणि जखमेला विश्रांती मिळते. आबा लंगडणार नाहीत. ते त्याच जखमेवर सरळ चालत राहतील आणि अशाच चालण्यातून साध्या फोडाचा खोल व्रण होतो.

आता मूळ प्रश्न. पायाकडून मेंदूकडे संवेदना नेणारे तंतू एकाच प्रकारचे नसतात. गरम, गार आणि वेदना यांची खबर अतिशय बारीक तंतू नेतात. हलका स्पर्श, कंपने आणि पाय कुठे आहे याची जाणीव जाड तंतू नेतात. त्यामुळे कापूस कळतो पण चटका कळत नाही, ही स्थिती चमत्कारिक वाटली तरी वैद्यकाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे : बारीक तंतूंना इजा झाली असावी आणि जाड तंतूंचे काम अजून बरेचसे शाबूत असावे. मधुमेहाशी संबंधित मज्जातंतूंच्या विकारात बारीक तंतू बऱ्याचदा आधी बिघडतात. सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, कारण पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू कमरेपासून जवळजवळ एक मीटर लांब असतो आणि इतक्या लांब तंतूचे पोषण सर्वांत आधी बिघडते. पुढे तो बधिरपणा मोजा घातल्यासारखा वर चढत जातो. आबांचे वर्णन या चित्राशी जुळते.

तहान आणि लघवी वाढलेली नाही म्हणून साखर असणारच नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नका. टाइप २ मधुमेह अनेक वर्षे काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो आणि काही रुग्णांत पायांचा बधिरपणा हीच त्याची पहिली खूण ठरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचा अंदाज दिला आहे. आजीला मधुमेह होता, हा धागाही महत्त्वाचा आहे.

उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करा. त्यांच्यासोबत बी१२, थायरॉइड, हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि लघवीतील प्रथिने हेही तपासा. उपाशी साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक आली तर ती मधुमेहाच्या कक्षेत मोडते. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी दुसरी तपासणीही तसेच सांगणारी हवी. १०० ते १२५ आणि ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व पट्टा.

पायांची तपासणी रक्ततपासणीइतकीच आवश्यक आहे आणि नेमकी तीच राहून जाते. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून, १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून आणि गरम-गार पाण्याच्या दोन नळ्या लावून संवेदना पाहतात. पायाच्या नाड्याही हाताने तपासायला हव्यात, कारण आबा तंबाखू खातात. नसांचा विद्युत आलेख नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका. तो जाड तंतूंचे काम दाखवतो, बारीक तंतूंचे नाही.

अमळनेरची_लेक

दादा, डॉक्टरसाहेबांनी लिहिले ते सर्व योग्यच आहे. मी माझ्या आईच्या अनुभवावरून एकच गोष्ट सांगते. तिला मधुमेह होता हे आम्हाला ठाऊक होते, गोळ्या नियमित चालू होत्या, पण पायांना चटका कळत नाही हे आम्ही कधी तपासून पाहिले नव्हते आणि ज्या दवाखान्यात ती दर महिन्याला जाई तिथेही कोणी तिला चप्पल काढायला सांगितले नाही. एका हिवाळ्यात पाय ठणकतो म्हणून तिने विटेचा शेक घेतला. वीट फडक्यात गुंडाळलेली होती, तरी टाच भाजली आणि सकाळपर्यंत तिला त्याचा पत्ता नव्हता. जखम भरायला पावसाळा उजाडला.

तेव्हापासून आमच्या घरी आईच्या पायांसाठी विटेचा, रेतीचा, गरम पाण्याच्या पिशवीचा कोणताही शेक बंद आहे. शेकोटीजवळही ती पाय पसरून बसत नाही. धुळ्या-जळगावकडे थंडीत पारा एक आकडी झाला की हा मोह होतोच. आंघोळीचे पाणी आधी दुसरे कोणीतरी कोपराने पाहते. आणखी एक गोष्ट : ती जमिनीवर झोपत असे, ते आम्ही बंद केले, कारण बधिर पायाला रात्री उंदीर कुरतडतो आणि माणसाला जाग येत नाही, हे आम्हाला एका परिचारिकेने सांगितले होते.

सातपुडा_पायथा

मी नंदुरबार जिल्ह्यात कुष्ठरोग कार्यक्रमात नोकरी केली असून आता निवृत्त आहे. धाग्यात मधुमेहाची चर्चा योग्य चालली आहे, परंतु तापमानाची संवेदना जाणे हे ज्या आजारात फार लवकर घडते त्या दुसऱ्या आजाराचे नाव इथे अजून कोणी घेतलेले नाही, म्हणून मी घेतो. कुष्ठरोगातही बहुधा आधी गरम-गार कळेनासे होते, नंतर स्पर्श आणि वेदना जाते. भारताने २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे दूरीकरण झाल्याचे जाहीर केले. पण याचा अर्थ रुग्ण संपले असा नाही आणि आपल्या खानदेशात तर मुळीच नाही.

फरक कसा ओळखावा तेही सांगतो. मधुमेहाचा बधिरपणा दोन्ही पायांत सारखा आणि खालून वर चढणारा असतो. कुष्ठरोगाचा सहसा असा एकसारखा नसतो. एका पायात अधिक, किंवा कातडीच्या एखाद्या पट्ट्यापुरता असतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, त्या चट्ट्यावरचे केस गेले आहेत का, तिथे घाम येतो का, हे पाठ, मांडी, नितंब उघडे करून उजेडात पाहावे लागते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली, घोट्याच्या आतल्या बाजूला मागे आणि कोपराच्या आत जाणाऱ्या नसा बोटांनी चाचपून त्या जाड झाल्या आहेत का किंवा दुखतात का, हे जाणकार आरोग्य कर्मचारी पाहू शकतो. आबांच्या वर्णनावरून हे कमी संभवनीय वाटते, पण पाहण्यास काही खर्च नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते आणि बहुविध औषधोपचार मोफत मिळतात. प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत उपचार पूर्ण होतो. या आजाराचे नाव ऐकून घरातले लोक दचकतात आणि तपासणी लांबते, हे मी नोकरीत फार पाहिले, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४७ नंतर काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांची बोटे का झिजतात याचा शोध घेतला, तेव्हा त्यांना आढळले की बोटे रोगाने गळून पडत नाहीत. वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी आणि त्या दुर्लक्षित राहिल्याने ती झिजतात. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेहाच्या पायांसाठी वापरले. म्हणून कारण कोणतेही निघो, पाय जपण्याची रीत एकच आहे आणि ती अहवालांची वाट न पाहता सुरू करायची असते.

केळीबाग_रावेर

सर्वांचे मनापासून आभार. फोड कालच तालुक्याच्या दवाखान्यात दाखवला; ड्रेसिंग झाले, धनुर्वाताचे इंजेक्शनही दिले. आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी अंगावर चट्टे आणि नसा पाहिल्या, तसे काही आढळले नाही. रक्ताचे नमुने उद्या देणार आहोत.

आबांच्या टाचांना खोल भेगा आहेत. त्यांत बिब्बा भरावा आणि पाय रोज मिठाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवावेत, असे शेजारचे एक नाना सांगत आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण करावे का?

गिरणाकाठ

दोन्ही करू नका. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. संवेदना शाबूत असलेल्या माणसाच्याही पायावर त्याने फोड येतात, मग आबांना तर तो जळताना कळणारही नाही. गरम पाण्याचे गणितही समजून घ्या : ६० अंश सेल्सिअसचे पाणी प्रौढ माणसाची कातडी काही सेकंदांत खोलवर भाजते आणि ५० अंशांचे पाणी काही मिनिटांत. एरवी आपण त्याआधीच पाय ओढून घेतो, आबा घेणार नाहीत.

भेगांचेही कारण बहुधा तेच आहे. घामग्रंथींना जाणारे तंतूही बारीकच असतात; ते बिघडले की पायांना घाम येत नाही, कातडी कोरडी पडते आणि फाटते. रात्री पाय धुऊन, टिपून, टाचांना आणि तळव्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नका. तिथे ओल राहिली की बुरशी होते. भेगांची कड ब्लेडने तासू नका.

पांझरा

धुळ्यात प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून नमुन्याविषयी थोडे लिहितो. उपाशी साखरेसाठी किमान ८ तास पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही. पहाटेचा चहादेखील नाही आणि तंबाखूचा बारही नाही.

एचबीए१सी ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, पण ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते आणि इथेच आपल्या भागातील लोकांनी सावध राहायला हवे. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात, सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल आजारात पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे साखर वाढलेली असूनही एचबीए१सी कमी दिसू शकते. नुसता वाहक असला तरी तपासणीच्या काही पद्धतींत आकडा चुकू शकतो. उलट लोह किंवा बी१२ यांच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून हिमोग्राम शेजारी ठेवल्याशिवाय हा आकडा वाचू नये. अशा वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची असते.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची प्राथमिक तपासणी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आबांसोबत आईचीही करून घ्या.

केळीबाग_रावेर

अहवाल आले. उपाशी साखर १२१. एचबीए१सी ६.३. हिमोग्लोबिन थोडे कमी, तांबड्या पेशींचा आकार वाढलेला. बी१२ फक्त १४०. थायरॉइड, क्रिएटिनिन आणि लघवी व्यवस्थित आहे. पांझरा यांनी सुचवल्याप्रमाणे डॉक्टरांना विचारून ग्लुकोजची तपासणीही केली. दोन तासांनंतर १६८ आली. जळगावच्या डॉक्टरांनी पाय तपासले तेव्हा नायलॉनचा तंतू बहुतेक जागी कळला, ट्यूनिंग फोर्कचे कंपन दोन्ही अंगठ्यांवर कमी कळले आणि गरम-गार नळ्यांतला फरक घोट्याच्या खाली सांगता आला नाही. पायाच्या नाड्या चांगल्या लागतात. बी१२ ची इंजेक्शने सुरू झाली आहेत. घरातले सगळे आता "साखर नाही, सुटलो" असे म्हणत आहेत. हे खरे मानावे का?

गिरणाकाठ

साखर नाही, हे खरे नाही. मधुमेह अजून नाही, हे खरे आहे. १२१ आणि १६८ हे दोन्ही आकडे मधुमेहपूर्व पट्ट्यात आहेत (दोन तासांनंतरचा हा पट्टा १४० ते १९९ असा धरतात). एचबीए१सी बी१२ च्या कमतरतेमुळे किंचित फुगलेली असू शकते, म्हणून तिच्यावर मी फार भर देणार नाही. बारीक तंतूंचा बिघाड मधुमेहपूर्व अवस्थेतही होऊ शकतो, हे अनेकांना ठाऊक नसते आणि त्यामुळेच "रिपोर्ट काठावर आहे" म्हणून अशा रुग्णाला घरी पाठवले जाते.

दुसरीकडे बी१२ हे स्वतंत्र आणि ठोस कारण आहे. १४० ही पातळी निश्चितपणे कमी आहे, पेशी मोठ्या झाल्या आहेत आणि कंपनाची जाणीवही घटली आहे. बी१२ ची कमतरता बहुतांशी जाड तंतूंना आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला आधी धरते. गरम-गार जाणे हे त्याचे मुख्य लक्षण नसते. त्यामुळे आबांच्या पायांत दोन्ही कारणे एकत्र काम करत असावीत, असे मला वाटते. कमतरता का झाली याचाही शोध घ्या. शाकाहारी माणसाला दूध-दह्यातून काही बी१२ मिळते, तरी ते कमी पडू शकते. जठराच्या आजारामुळे शोषण होत नसेल तर आहार बदलूनही उपयोग होत नाही. पुढे कधी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध सुरू झाले तर बी१२ वर लक्ष ठेवा, कारण दीर्घकाळ घेतल्यास ते औषध बी१२ ची पातळी आणखी खाली आणते. अमळनेरच्या ताईंनीही आईची बी१२ तपासून घ्यावी.

सुधारणेबद्दल खोटी आशा देणार नाही. बी१२ मुळे झालेले नुकसान लवकर उपचार मिळाल्यास बरेच भरून येते, पण त्याला महिने लागतात. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. साखरेमुळे गेलेली संवेदना पूर्ण परत येईल असे सांगता येत नाही, ती आणखी जाऊ नये यासाठी मात्र पुष्कळ करता येते. पोटाचा घेर कमी करणे, तंबाखू सोडणे, दिवसाला पाच-सहा वेळा होणारा गोड चहा कमी करणे. जेवणात कळण्याची भाकरी, डाळी, भाज्या राहू द्या. वरण-बट्टीच्या जेवणात बट्टी आणि तूप मोजून घ्या. केळी पिकवणाऱ्याने केळे अजिबात खाऊ नये असे नाही, पण बागेत काम करता करता घडातली पिकलेली केळी मनाला येईल तेवढी खाणे थांबवावे. नसांसाठी म्हणून प्रीगॅबलिनसारख्या गोळ्या कोणी सुचवल्या तर लक्षात ठेवा, त्या आग आणि ठणका कमी करतात, संवेदना परत आणत नाहीत. आबांना ठणका नाही.

साखरेची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी; पहिल्या वर्षी मी सहा महिन्यांनी करीन.

वारकरी_मुक्ताईनगर

मी मुक्ताईंच्या पालखीसोबत पंढरपूरला जातो, म्हणून दिंडीच्या प्रश्नावर लिहितो. आबांना ही वारी सोड म्हणणे तुम्हाला किती जड जात असेल हे मला समजते. पण चैत्रातला रस्ता आषाढातल्या रस्त्यासारखा नसतो. दुपारी डांबर इतके तापते की धड पायांच्या माणसालाही अनवाणी चार पावले टाकवत नाहीत. चटका न कळणारा माणूस श्रद्धेने तसाच चालत राहतो आणि मुक्कामावर पोचल्यावर तळवे सोलून निघालेले दिसतात. हे मी आमच्या दिंडीत पाहिले आहे. या वर्षी आबांनी एसटीने जावे, गडावर दिंडीला भेटावे आणि मुक्कामाच्या स्वयंपाकाची सेवा पत्करावी. देवी काही पाय सोलून या असे म्हणत नाही.

केळीबाग_रावेर

आबांशी काल बोललो. आईला आणि मला ते ऐकत नव्हते, म्हणून वरील प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. फोडाची जागा अजून भरायची आहे, हे पाहून या वर्षी एसटीने जायला ते तयार झाले. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी, असे म्हणाले. बागेत मात्र चप्पल घालायला नाराज आहेत. चिखलात ती रुतते आणि ठिबकच्या नळ्यांत अडकते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. बाजूच्या शेतात पऱ्हाट्यांचे खुंट आहेत आणि बांधावर बाभळीचे काटे, त्यामुळे अनवाणी जाऊ देणेही नको वाटते. कोणते पादत्राण योग्य ठरेल?

सातपुडा_पायथा

कोरड्या जागी एमसीआर रबराची चप्पल घाला. तिचा आतला थर मऊ असतो, खालचा तळ काटा आत येऊ न देणारा असतो आणि मागे पट्टा असतो, त्यामुळे ती निसटत नाही. बधिर पायाला अंगठ्याची चप्पल चालत नाही. ती धरून ठेवण्यासाठी बोटे आवळावी लागतात आणि ती केव्हा निसटली हे कळतही नाही. अशा चपला जिल्हा रुग्णालयात किंवा मधुमेही पायांसाठी पादत्राणे करणाऱ्या कारागिरांकडे मिळतील, चौकशी करा.

चिखलाच्या कामासाठी अर्ध्या उंचीचे गमबूट आणि आत सुती मोजे. गमबूट उन्हात ठेवू नका, ते आतून तापतात. घालण्यापूर्वी दर वेळी ते उलटे करून झटका आणि आत हात घालून पाहा. खडा, काटा, विंचू काहीही असू शकते. पहिल्या आठवड्यात नवे पादत्राण एका वेळी तासाभरापेक्षा जास्त घालू नये आणि काढल्यावर तळवे पाहावेत. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर ते माप चुकीचे आहे. माप घ्यायला आबांना संध्याकाळी न्या, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडा सुजलेला असतो, आणि "सैल आहे की घट्ट" हे त्यांना विचारून ठरवू नका. दुकानदाराकडून कागदावर दोन्ही पायांची आखणी करून घ्या.